तिवऱ्याची शेते आणि पांगळी गावे

धान पिवळे पडू लागले, बांधीतले पाणी ओसरून मातीत नुसती ओल उरली, की छत्तीसगढातला शेतकरी उभ्या पिकातच दुसरे बी फेकतो. कापणीला अजून पंधरा-वीस दिवस अवकाश असतो. नांगरट नाही, खत नाही, पुढे पाणी देणेही नाही. धानाच्या सावलीत बी रुजते, धान कापून नेले की उजेडात येते आणि जमिनीतल्या ओलीवर व पहाटेच्या दवावर वाढून माघ-फाल्गुनात शेंगांनी लगडते. या पद्धतीला उतेरा म्हणतात, आणि रायपूर, दुर्ग, बिलासपूर या मुलखातल्या कन्हार व डोरसा जातीच्या जड जमिनींत उतेऱ्याचे पीक म्हणजे प्रामुख्याने तिवरा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात त्यालाच लाख, लाखोरी किंवा लाखोळी हे नाव आहे, उत्तरेत खेसारी, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या बोलीत लॅथिरस सटायव्हस. पाऊस दगा देवो, गारा पडोत, गव्हावर तांबेरा येवो, हे पीक सहसा दगा देत नाही. याच गुणात त्याचा सारा इतिहास साठलेला आहे.

तिवऱ्याची कोवळी पाने भाजीला, हिरव्या शेंगा भाजून खायला, डाळ वरणाला, पीठ वड्या-भज्यांना आणि भुसा गुरांना. भातासोबत वाटीभर वरण खाणाऱ्या माणसाला त्यापासून काही होत नाही, हे या भागातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र तेच धान्य ताटातले मुख्य अन्न झाले, दिवसाकाठी पावशेर-अर्धा शेर पोटात जाऊ लागले आणि असे दोन-तीन महिने किंवा अधिक काळ चालले, की काही माणसांचे पाय जातात. संध्याकाळी शेतावरून धडपणे घरी आलेला तरुण सकाळी उठतो तेव्हा पोटऱ्या ताठ झालेल्या असतात, गुडघे लवत नाहीत, टाच टेकत नाही. तो चवड्यांवर चालू लागतो, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि पावले कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांना ओलांडतात. वैद्यकात या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर रेटा देत जमिनीवरून सरकणारा. पायांची संवेदना शाबूत असते, बुद्धीला धक्का नसतो, आयुष्यही बहुधा कमी होत नाही. एकदा आलेला रोग पुढे फारसा वाढत नाही आणि मागेही हटत नाही. विशीतल्या माणसाच्या हाती आलेली काठी साठीपर्यंत हातात राहते.

या व्याधीची ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कलायखंज नावाचा वातव्याधी सांगितला आहे: चालायला आरंभ करताना थरथरणारा, लंगडल्यासारखा जाणारा, सांध्यांची बंधने सुटल्यासारखा झालेला रोगी. कलाय हा शब्द वाटाण्याच्या जातीच्या धान्यांना लावला जाई. म्हणजे रोगाच्या नावातच अन्नावर ठेवलेले बोट आहे. सोळाव्या शतकातला भावमिश्र तर भावप्रकाशात त्रिपुट या धान्याचे गुणदोष सांगताना ते माणसाला लंगडे व पांगळे करते असे स्पष्टच नोंदवतो. युरोपातही हे ज्ञान नव्हते असे नाही. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथसंग्रहात ऐनोस येथे सतत कडधान्यावर राहिलेल्यांचे पाय दुबळे झाल्याचा उल्लेख येतो. वुर्टेम्बर्गच्या जॉर्ज या ड्यूकने १६७१ साली या पिठाची भाकर करण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. १८११-१२ च्या माद्रिदमधील उपासमारीवर गोयाने जी कोरीव चित्रे केली, त्यांतल्या एकात लाखेच्या पिठाच्या लापशीभोवती जमलेली माणसे आहेत, आणि खाली या धान्याचे आभार मानणारी ओळ आहे. चित्रातली एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली आहे. ती भुकेने पडली की पायांनी, हे चित्रकाराने प्रेक्षकावर सोडले आहे. लॅथिरिझम हे आजचे नाव मात्र नेपल्सच्या कांतानी या वैद्याने १८७३ मध्ये दिले.

मध्य हिंदुस्थानातला पहिला तपशीलवार वृत्तांत वैद्याचा नाही, मुलकी अधिकाऱ्याचा आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेला स्लीमन १८३५ च्या हिवाळ्यात जबलपूरकडून उत्तरेकडे प्रवासाला निघाला, तेव्हा सागर प्रदेशातल्या गावांत त्याला तरुण पांगळ्यांचे घोळके दिसले. १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने गावकऱ्यांकडून ऐकलेला क्रम नोंदवला आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये वेळेवर पाऊस न झाल्याने, १८३१ मध्ये रोगाने. तिन्ही वर्षे गव्हात आपोआप उगवलेली तेवरी मात्र माजून आली. लोकांनी तिचे दाणे खाल्ले, गुरांना पाला घातला, आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. एका गावातली निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत अशी झाली. स्लीमनच्या लिखाणात साम्राज्याचा अहंकार पुष्कळ आहे, पण हे पान त्याला अपवाद आहे. पिकांचा क्रम, वय, अन्न आणि रोग दिसण्यातले अंतर ही चारही सूत्रे त्याने अचूक पकडली. पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाने त्यांत फारशी भर घातली नाही. उलट काही काळ ती विसरली गेली.

छत्तीसगढाचा आणि मराठी माणसाचा संबंध येथे लक्षात घ्यायला हवा. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास बस्तान बसवले तेव्हापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकरांच्या अमलाखाली होता. पुढे मध्यप्रांत झाला तरी कारभाराचे केंद्र नागपूरच राहिले, आणि रायपुरात शिक्षक, वकील, कारकून म्हणून मराठी कुटुंबे स्थायिक झाली. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक आणि त्याचे रायपूरचे प्रकाशक वामन बळीराम लाखे ही त्याची सर्वांत उजळ खूण. हे मासिक निघाले त्याच काळात छत्तीसगढ सलग दुष्काळांत होरपळत होते. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. संवत १९५६ वरून लोक त्याला छप्पनचा काळ म्हणतात. त्या काळातल्या मृतांचे आकडे सरकारी अहवालांत तपशिलाने सापडतात. जे जगले पण चालू शकले नाहीत त्यांचा शोध घेण्याचे काम मेजर ब्युकॅनन या लष्करी वैद्याकडे आले, आणि मध्यप्रांतातील १८९६ ते १९०२ या वर्षांतल्या लॅथिरिझमवरचा त्याचा अहवाल १९०४ साली नागपुरात छापला गेला. शीर्षकातली ही सनावळीच बोलकी आहे. रोगाचा काळ आणि दुष्काळाचा काळ एकच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगशाळेने हा प्रश्न हाती घेतला आणि तो अधिक गुंतागुंतीचा केला. १९२२ साली ॲक्टनने रेवा संस्थानातील रोग्यांवर मोलाचे काम केले. परंतु १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी संशय भलतीकडे वळवला: दोष लाखेचा नसून तिच्या शेतात तणासारख्या उगवणाऱ्या अकटा या जंगली कडधान्याचा असावा, असे त्यांचे म्हणणे. यातले हॉवर्ड म्हणजे पुढे इंदूरच्या कंपोस्ट खताने जगभर नाव मिळवलेले अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्या शब्दाला वजन होते. दुसरी चकवणारी वाट उंदरांनी दाखवली. फुलबागेतल्या गोड वाटाण्याच्या बिया खाऊ घातल्या की उंदरांची हाडे वाकडी होतात हे आढळले, आणि कित्येक वर्षे या हाडांच्या विकारालाच लॅथिरिझम समजून अभ्यास चालला. वस्तुतः तो वेगळ्या जातीच्या बियांतल्या वेगळ्या द्रव्याचा परिणाम होता. माणसाच्या रोगात हाडांना काही होत नाही, मज्जातंतूंना होते. याच सुमारास जीवनसत्त्वांच्या अभावाचाही तर्क पुढे आला. गावातल्या म्हाताऱ्याला जे कारण तोंडपाठ होते, ते शास्त्राला पटवून घ्यायला एवढा वळसा घ्यावा लागला. याचे एक कारण असे की प्रौढ जनावरांना लाख खाऊ घालून माणसासारखा पांगळेपणा आणता येत नव्हता, आणि जे पिंजऱ्यात दाखवता येत नाही ते प्रयोगशाळेला खरे वाटत नाही.

कोडे सुटले ते १९६४ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी, तर दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनी लाखेच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव आखडून ओडॅप असे म्हणतात. बंगळूरच्या संशोधकांनी कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांवर त्याचा प्रयोग केला आणि मज्जाविकाराची लक्षणे प्रत्यक्ष दिसली. रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर प्रौढ प्राण्यात जो पहारा असतो तो पिलात अजून कच्चा असतो. जनावरांवरचे पूर्वीचे प्रयोग का फसले याचा उलगडाही त्यात होता.

ओडॅप मेंदूची फसवणूक करते. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडॅपची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की पेशीवरचे दार ते ग्लुटामेटच्याच किल्लीने उघडते, आणि मग ते दार मिटत नाही. उत्तेजना थांबत नाही. पेशी दमून, भाजून निघाल्यासारखी मरते. त्यातही मेंदूच्या चालक भागातून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारे, पायांपर्यंतच्या हालचाली हाकणारे सर्वांत लांब तंतू आधी जातात. वरून येणारा लगाम तुटल्यावर पायांचे स्नायू लुळे पडण्याऐवजी ताठरतात. म्हणून हा पांगळेपणा पोलिओसारखा सैल नसून ओढलेल्या दोरीसारखा ताठ असतो. १९८६ साली पीटर स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून या कल्पनेला आणखी बळकटी दिली, आणि चालक पेशींच्या इतर असाध्य रोगांचे अभ्यासकही लाखेकडे कुतूहलाने पाहू लागले. गंमत अशी की हेच द्रव्य चिनी वैद्यकातल्या एका जिनसेंगच्या मुळीतही असते, आणि तेथे ते रक्तस्राव थांबवण्यासाठी नावाजले जाते.

विष सापडले, पण कोणी किती खाल्ले आणि का खाल्ले हा प्रश्न बियांत सापडण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर एका अत्यंत दुःखद ठिकाणी मिळते. १९४२ च्या शरदात रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम लाखेच्या जातीचे वाटाणे, घोड्यांचे खाद्य, उकडून दिले जाऊ लागले. थोड्याच महिन्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक असलेले वैद्य आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. त्यांनी कैद्यांना ते अन्न नाकारायला लावले आणि वाचलेल्यांचा पाठपुरावा पुढे इस्रायलमध्ये अनेक वर्षे केला. ही माणसे पिढीजात उपाशी नव्हती. शहरांतली सुशिक्षित, धडधाकट माणसे होती. त्यांच्या ताटात काय पडावे हे दुसरे कोणीतरी ठरवीत होते, इतकाच फरक.

हा फरक मनात ठेवून रेवा-सतन्याकडे आणि छत्तीसगढाकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. मध्यप्रदेशात एम. पी. द्विवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात गावोगाव केलेल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा आढळले की रोगी बहुतांशी भूमिहीन शेतमजूर होते, आणि त्यातही बांधील. त्यांची मजुरी पैशांत नव्हे, धान्यात मिळे, आणि ते धान्य म्हणजे मालकाच्या घरचे सर्वांत हलके, अर्थात खेसारी. कर्जापोटी राबणाऱ्या कमियाला मालकाने मोजून दिलेल्या पायलीत निवड नसते. जमीनदाराच्या घरीही तिवरा शिजे, पण गहू-तांदळाबरोबर, चवीपुरता. तेथे काठी कोणाच्या हाती आली नाही. पुरुषांत रोग अधिक, स्त्रियांत कमी, हेही सर्वत्र दिसले. शारीर कारणे असतीलच, पण कष्टाच्या दिवसांत पायलीतला मोठा वाटा कमावत्या पुरुषाला वाढला जातो हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. त्याला जास्त मिळाले ते प्रेमाने, आणि नेमके तेच बाधले. निसर्गानेही या व्यवहारात गरिबाची बाजू घेतली नाही: ओल तुटली की झाड आपल्या बियांत ओडॅप अधिक साठवते. ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही त्याच वर्षी लाख अधिक विषारी होते.

सरकारने यावर बंदीचा उपाय योजला. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली तरतूद होऊन खेसारी, तिची डाळ, पीठ आणि त्यांचे मिश्रण यांच्या विक्रीस मनाई झाली. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. ज्या राज्यांत हे पीक मुख्यत्वे होते तीच, म्हणजे मध्यप्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल, तिच्या अंमलबजावणीत मागे राहिली. परिणाम विचित्र झाला. शेतकऱ्याचा माल चोरटा ठरला, त्याचा भाव पडला. व्यापाऱ्याने तो स्वस्तात घेऊन तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळला. आणि मजुराच्या पायलीत जे पडत होते ते विक्रीच्या व्याख्येत बसत नसल्याने पडतच राहिले. रोगाला खरा धक्का दिला तो इतर गोष्टींनी. कालव्यांमुळे धानानंतर गहू घेता येऊ लागला, १९७६ च्या कायद्याने वेठबिगार निदान कागदावर तरी संपली, मजुरी रोखीत आली आणि रास्त भावाच्या दुकानातून तांदूळ-गहू घरात पोचला. छत्तीसगढात २००० नंतर स्वतंत्र राज्यात धान्यवाटपाची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ होते. तिवऱ्याच्या संदर्भात तिचा अर्थ साधा आहे: ताटात भात असेल तर तिवरा पुन्हा वरणाच्या जागी जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये गोंदिया जिल्ह्याविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. घरोघरी लाखोळी खाल्ली जात होती, रोग मात्र नगण्य होता.

उपचारांविषयी फार सांगण्यासारखे नाही. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. अगदी आरंभी अन्न बदलले तर काहींच्या पायांत थोडा जोर परततो. स्नायूंचा ताठरपणा सैल करणाऱ्या टॉल्पेरिसोन या औषधाचा इथिओपियात रीतसर प्रयोग झाला आणि १९९७ साली त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष छापले गेले. चाल काहीशी सुधारते, रोग जात नाही. बॅक्लोफेनसारखी औषधे, व्यायाम, आखडलेल्या शिरा सैल करण्याची शस्त्रक्रिया यांचाही उपयोग तेवढाच. रोगी दूरच्या खेड्यातला, मजुरी बुडवून शहरातल्या रुग्णालयात येऊ न शकणारा. त्यामुळे ज्या औषधाने थोडे बरे वाटले असते तेही त्याच्यापर्यंत पोचणे कठीण. तेव्हा खरी चिकित्सा धान्यावरच करायची, असे पोषणशास्त्रज्ञांनी ठरवले. हैदराबादच्या संस्थेत गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकातच दाखवले होते की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. उपाय सोपा होता. पण ज्या घरात सरपण विकत घ्यावे लागते आणि वरणाचे पाणीही पोट भरायला उपयोगी पडते, तेथे ते पाणी ओतून द्या हे सांगणे किती अवघड, याचा विचार पुस्तिकांतून क्वचितच दिसतो.

दुसरी वाट बियाण्याची, आणि तिच्यावर रायपूरचे नाव ठळक आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनातून रतन हा अल्पविष वाण काढला, तर १९८७ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने उतेऱ्याच्या परिस्थितीला मानवतील असे प्रतीक आणि महातिवरा हे वाण दिले. त्यांतले ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत आहे. पारंपरिक वाणांत ते याच्या कितीतरी पट असू शकते. अडचण एवढीच की शेजारच्या शेतातला जुना तिवरा मधमाश्यांच्या पायांनी नव्या वाणात मिसळतो आणि काही हंगामांनंतर बी पूर्वपदावर येऊ लागते. दरवर्षी शुद्ध बियाणे विकत घेण्याइतके मोल ज्या पिकाला नाही, त्या पिकाबाबत ही अडचण लहान नव्हे.

नागपुरात डॉ. शांतिलाल कोठारी यांनी आपल्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इंप्रूव्हमेंट या संस्थेमार्फत बंदीविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली, उपोषणे केली, न्यायालयात दाद मागितली. लाख निर्दोष आहे, बंदीने फक्त विदर्भातला धान-शेतकरी नागवला गेला, हा त्यांचा आग्रह होता. २०१६ च्या जानेवारीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या तीन वाणांना अनुकूल मत दिले, तेव्हा डाळींचे भाव कडाडलेले होते. विरोधकांनी विचारले की बाजारात आलेल्या पोत्यातला दाणा महातिवऱ्याचा की जुन्या तिवऱ्याचा, हे कोण आणि कसे ओळखणार. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे आहेत. मला शेतकऱ्याचा दावा न्याय्य वाटतो. तरीही लाखेला संपूर्ण निर्दोष ठरवणे हे रेवा, सागर आणि छत्तीसगढातल्या पांगळ्यांच्या पिढ्यांना खोटे ठरवण्यासारखे आहे, असेही वाटते. इथिओपियात नव्वदच्या दशकात दुष्काळाने पुन्हा तेच केले होते आणि तेथेही आरंभी लोक म्हणत होते की वाटीभर खाल्ल्याने काही होत नाही. ते खरेच होते. दुष्काळात वाटी उरत नाही.

ज्यांच्यावर हा रोग साठ-सत्तरच्या दशकांत ओढवला त्यांतली माणसे त्यानंतरही कित्येक वर्षे, दोन काठ्यांवर, त्याच गावांत वावरत राहिली. चवड्यांवर चालून त्यांच्या वहाणा पुढच्या बाजूनेच झिजत. दर वर्षी कार्तिकात, धान पिवळे पडले की त्यांच्याच घरची मुले उभ्या पिकात तिवऱ्याचे बी फेकायला जात.